शेजारच्या पेशी

गोजराबाईच्या नवऱ्याच्या गालातली गाठ काढली होती. उद्या घरी सोडणार होते. तिला धास्ती त्यापुढचीच होती. झेंडूच्या मळ्यात तो आणि त्याचे तीन सोबती कामाला; तंबाखू एकाने मळायची, चौघांनी खायची, अशी रीतच पडलेली. बाकीचे तिघे आत्ता खाटेभोवती उभे होते. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, “कॅन्सरची पेशी एकटीच वाढत नाही. ती शेजारच्या चांगल्या पेशींना फितवते. मग त्याच तिला खाऊ घालतात, वाट करून देतात.” “असले शेजारी मला ठाऊक हायेत!” गोजराबाईने त्यांतल्या खंडेरावापुढे हात पसरला. “खिशात काय हाय, भाऊजी?” “वहिनी, आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं कसं यायचं?” खंडेराव चाचरला. नवरा पट्टीआडून हसला. तंबाखूच्या तिन्ही डब्या तिच्या ओच्यात पडल्या. “फितलेल्या पेशी परत वळतात का?” खंडेरावाने डॉक्टरीणबाईंना विचारलं. “त्यावर संशोधन चाललंय.” “तुमचं चालू द्या,” गोजराबाई ओचा खोचत म्हणाली, “माझं झालं!”