सोमवारची हजेरी

मी वर्गात परतले तर शाळेचा शिपाई गिर्मा माझ्या हजेरीपुस्तकावर वाकलेला. मला पाहताच त्यानं ते मिटलं. या देशात लष्करानं सत्ता घेतल्यापासून तो माझ्याभोवती घुटमळायचा. खबऱ्या आहे, भारतातून आलेल्या बाईंवर लक्ष ठेवतो, असं स्टाफरूममध्ये बोलत. त्याच्यासमोर मी हवापाण्याचंही बोलत नसे.

दुसऱ्या सकाळी सैनिक वर्गात आले. “सोमवारी मोर्चाला गेलेल्यांची नावं हवीत. हजेरी दाखवा.”

मी हजेरीपुस्तक पुढे केलं. सोमवारी अकरा मुलं नव्हती. त्यांचे चौकोन मी नेहमीच्या शिस्तीनं कोरे ठेवले होते.

अधिकाऱ्यानं पानावरून बोट फिरवलं. “सगळे हजर होते?”

मी पाहिलं. एकही चौकोन कोरा नव्हता.

“सगळे,” मी म्हणाले. दारात गिर्मानं शाईचे डाग पडलेली बोटं खिशात घातली.