पांढरी मुळी

माळरानावरच्या बागेशी जेसीबी येऊन थांबला, तेव्हा सारिका डाळिंबाच्या पहिल्याच झाडाखाली बसून होती. बोअरच्या खारट पाण्यानं माती चोपण, दगडासारखी घट्ट झाली होती, दोन वर्षं फळ धरलं नव्हतं. म्हणून तिचे सासरे, तात्या, आज बाग उपटायला निघाले होते.

“ऊठ पोरी,” तात्या म्हणाले. “माती मोकळी व्हावी म्हणून तू जिप्सम टाकलंस, शेणखत टाकलंस, टँकरचं गोडं पाणी मातीला पाजलंस. काय झालं त्याचं?”

“एक झाड उकरून बघू द्या. मेलेलं निघालं, तर मीच मशीनला वाट दाखवीन.”

तिनं खुरपं चालवलं. खोडाजवळची मुळं काळी, कुजकी निघाली. तात्यांनी तोंड फिरवून ड्रायव्हरला हात केला. इंजिन घरघरलं. सारिकानं खुरपं सोडलं नाही. वीतभर बाहेरच्या बाजूला, जिथं जिप्सम मुरलं होतं, माती एकदम भुसभुशीत लागली. तिथं दोऱ्यासारख्या पांढऱ्या, नव्या मुळ्यांचं जाळं पसरलं होतं.

“तात्या,” एवढंच ती म्हणाली.

ते वाकले. एक मुळी चिमटीत धरून बराच वेळ बघत राहिले. मग ड्रायव्हरवर ओरडले, “मशीन मागं घे. आत आणू नको, मुळ्या चेंगरतील.”