भट्टीवाल्याचा पाव

धाकटीने बाबांची खुर्ची ओढत स्वयंपाकघरात आणली आणि टेबलाला अगदी खेटून लावली.

"त्यांना इथे कशाला?" आई म्हणाली. "उगाच जखमेवर मीठ."

"बसू देत गं. टीव्हीपुढे बसून तरी काय करतात?"

बाबांना अर्धांगाचा झटका येऊन एक्केचाळीस दिवस झाले होते आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. उजवा हात मांडीवर पडून असायचा, दुसऱ्याच कुणाचा विसरून राहिल्यासारखा. त्यांना समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले होते. पण आई हल्ली त्यांच्यादेखत म्हणायला लागली होती, "यांना चहा कडक लागायचा." लागतो नाही, लागायचा.

शहराबाहेरच्या त्या प्रसिद्ध थीम पार्कातल्या बेकरीत बाबांनी सव्वीस वर्षं दालचिनीचा पाव भाजला होता. मोठ्या पाळण्याला नसेल एवढी रांग त्या पावाला लागायची. घरी मात्र त्यांनी तो एकदाही केला नाही. "दिवसभर नाकात तोच वास," म्हणायचे, "घरी तरी मला माणसात राहू दे." कृती विचारली की मिशीतल्या मिशीत हसायचे आणि विषय बदलायचे.

धाकटी शाळेची बस चालवायची. तिचा हात बसलेला तो स्टिअरिंगवर, पिठात नाही. इंटरनेटवर त्या पावाच्या डझनभर कृती होत्या. प्रत्येकीवर 'अगदी हुबेहूब' असं लिहिलेलं, आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. त्यातली सगळ्यात सोपी तिने निवडली.

मैदा भिजवला तो कोपरापर्यंत चिकटला. "बाबा, एवढं सैल असतं का हो?" तिने विचारलं. उत्तर येणार नव्हतंच, पण विचारायची सवय तिने मोडू दिली नव्हती. बाबांची नजर पातेल्यावर होती. आईने पाठ फिरवली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

तासाभराने गोळा टम्म फुगला. धाकटीचा जीव भांड्यात पडला. तिने तो ओट्यावरून टेबलावर आणला, लांबट वळला, आणि मोबाइलकडे एक डोळा ठेवून सुरी उचलली. चार-पाच खोल चिरा द्या, असं लिहिलं होतं. तिने सुरी दाबली. तुकडा वेगळा झाला. तिने दुसऱ्यांदा दाबली. दुसराही वेगळा झाला.

टेबल दणाणलं. मैदा उडाला.

बाबांनी डावा हात टेबलावर आपटला होता. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा ताठ, ओठ वाकडे होऊन थरथरत होते. धाकटीच्या हातातली सुरी गळून पडली.

"आई! बाबांना काहीतरी होतंय! अँब्युलन्सला फोन कर!"

आई साबणाच्या हातांनीच धावली. "अहो, काय होतंय? अहो!"

"ग..." बाबांच्या घशातून आवाज आला. "ग... गा..."

दोघी जागच्या जागी थिजल्या.

"गाढव!" बाबा म्हणाले.

नळ तसाच वाहत होता. कुणी बंद केला नाही.

बाबांनी पडलेली सुरी डाव्या हाताने चाचपून उचलली. धाकटीने उरलेला गोळा त्यांच्यापुढे सरकवला. हात हेलकावत होता, तरी सुरी बरोबर जागी टेकली, हळूहळू खाली गेली आणि बोटभर उरलं असताना थांबली. बाबांनी ती बाहेर काढली आणि सुरीच्या टोकाने खालचा भाग दाखवला.

"तळ," ते म्हणाले. कपाळावर घाम आला होता. "तळ... सोड."

"सोडते, बाबा. तळ सोडते."

पुढच्या तीन चिरा तिने दिल्या. गोळा पुस्तकासारखा उघडला, पण सुटला नाही. तो वितळलेल्या लोण्यात बुडवून तिने दालचिनी-साखरेत घोळवला. बाबांनी डाव्या हाताचं बोट हलवलं. अजून. तिने अजून साखर चिरांमध्ये भरली. बोट पुन्हा हललं. शेवटी वाटीतली सगळी संपली तेव्हा कुठे साहेबांचं समाधान झालं.

पाव ओव्हनमध्ये गेल्यावर आई बाबांच्या शेजारी स्टुलावर टेकली. हातावरचा फेस वाळून पांढरा झाला होता.

"मघाशी काय म्हणाले गं हे?"

"गाढव."

"कुणाला? तुला?"

"मला."

"मग बरोबरच आहे," आई म्हणाली, आणि हसता हसता तिला एकदम रडू फुटलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग फार सावकाश, एकेक अक्षर तोडत, म्हणाले, "च... हा." आई डोळे पुसत उठली. कडक करायचा का, हे तिने विचारलं नाही.

ओव्हनच्या काचेआड साखर बुडबुडायला लागली. धाकटीने थोरल्याला फोन लावला. तो दूरच्या शहरात नोकरीला होता, सुट्टी संपवून परत गेला होता.

"दादा, बाबा बोलले."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "काय बोलले?"

"मला गाढव म्हणाले."

थोरला म्हणाला, "फोन त्यांच्याकडे दे. मलाही म्हणू देत."