नापास झाल्याचा कागद

मस्कतहून सुट्टीवर जुईनगरला आलेल्या अंकुशच्या बॅगेत त्याच्या बायकोला, मैत्रीला, प्लास्टिकमध्ये जपलेला कागद सापडला. तिथल्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नवरा तिसऱ्यांदा नापास झाल्याचा. “अहो, नंतर लायसन मिळालं ना? मग हा कशाला ठेवलाय?” अंकुश पलंगावर बसला. “वीस वर्षं इथं एपीएमसी मार्केटचा टेम्पो चालवला मी. कोणी आडवं आलं की आधी हॉर्न. तिकडच्या साहेबानं त्यावरच नापास केलं. म्हणाला, तुझा हात हॉर्नवर जातो, म्हणून पाय ब्रेकवर जायचा राहतो. लय राग आलेला.” त्याचा आवाज हळू झाला. “गेल्या महिन्यात एक पोरगी बॉलमागे धावत गाडीपुढे आली. वीतभर अंतरावर थांबलो. तिनं बॉल उचलला आणि गेली. हॉर्न वाजवायचं मला सुचलंच नाही. कागदावर त्याच साहेबाची सही आहे.” मैत्रीनं कागद पुसला आणि लेकीच्या जन्मदाखल्याशेजारी फायलीत नीट ठेवून दिला.