थाळीवरचा थेंब

पायाचं बोट कापावं लागल्यापासून डॉक्टरांनी नेरच्या अब्दुल गनी मिस्त्रींची साखर बंद केली होती. अंजीर चमचाभर चालेल म्हणाले. पण अंजिराच्या जॅमशिवाय पोळीचा घास त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता.

म्हणून त्यांच्या बायकोनं, रौशननं, बिनसाखरेचा जॅम करायला घेतला. लिंबू पिळलं, जॅम घट्ट व्हावा म्हणून पाकिटातली पेक्टिनची पावडर टाकली, मग आणखी टाकली. तरी गार थाळीवर थेंब टाकला की तो पाण्यासारखा पळायचा. दोन पातेली फेकून झाली. तिसऱ्यात अंगणातल्या झाडाचे शेवटचे अंजीर होते.

"या अल्ला, जमू दे! नाही त माहा माणूस उपाशी मरंल," म्हणत ती गॅसपाशीच रडली. मग मागच्या दारी जाऊन तोंड धुऊन आली, पुन्हा घोटलं, पुन्हा थेंब टाकला.

थेंब जागचा हलला नाही!

वाटीत जॅम घेऊन ती धावतच त्यांच्या खाटेपाशी गेली. "अजी, जमला! घ्या, खा न!"

 

गनीमियाँनी वाटी तिच्याकडे सरकवली. "तूच खाय, रौशन. साखरेबिगर ते जमतच नाही, पाकिटावर लिहेल आहे. तुहं रडनं मले पाहवलं नाही, म्हनून साखरेचा डबा मीच पालथा केला त्याच्यात."