आजोबांचं इटालियन पिस्तूल

गुरुनाथकाकांच्या आजोबांनी महायुद्धात इटलीतल्या एका अधिकाऱ्याच्या हातातून पिस्तूल हिसकावलं, ही गोष्ट अमेरिकेतल्या चँडलर गावातल्या प्रत्येक मराठी घराला पाठ होती. त्यामुळे पिस्तूल तपासायला जुन्या शस्त्रांचा जाणकार हॅरॉल्ड येणार म्हटल्यावर काकांनी हौसेने सगळ्या मराठी मंडळालाच जेवायला बोलावलं.

हॅरॉल्डने भिंग लावून पिस्तूल नीट पाहिलं. "नमुना म्हणून अशी दोनच बनवली होती. एक युद्धात चोरीला गेलं, ते मिळालं तर कारखान्याला परत द्यावं लागेल. दुसरं नंतर रीतसर विकलं. तुमच्याकडे कुठून आलं?"

काकांनी जमलेल्या मंडळींकडे पाहिलं.

"सांगा ना काका," मंडळातला यश म्हणाला, "तो चिखलातला किस्सापण सांगा."

"आजोबांचंच आहे," काका कसेबसे म्हणाले. "म्हणजे चोरीला गेलेलं ते हेच," म्हणत हॅरॉल्डने पिस्तूल पेटीत घातलं आणि कारखान्याला परत द्यायला पेटी उचलून नेली.

स्वयंपाकघरात नीलाकाकूंनी काकांना गाठलं. "अहो, बंदुकांच्या प्रदर्शनातून विकत घेतलंय म्हणायला काय झालं होतं?"

"बारा वर्षं आजोबांना इटलीत लढवतोय गं. आता सगळ्यांदेखत त्यांना वाईच्या पोस्टात परत कसं बसवू?"