पांढरी मोटर

हिंमतरावानं भोंगा दाबला. गावातून कोणी आलं नाई. पुन्हा दाबला, चांगला लंबा. एक कोंबडी तेवढी रस्ता ओलांडून पळाली.

मोटरीच्या मागच्या पत्र्यावर आतून थाप पडली. त्याची बायको अन्नपूर्णाबाई सांगत होती का पोरीच्या कळा आता थांबून नाई राह्यल्या, लवकर कोणाले तरी आणा. पोरीचं, पुष्पाचं, पहिलं बाळंतपण. धामणगाव बढ्याच्या सासरहून डोणगावले माहेरी न्यायचं होतं. सातव्यातच आणाचं, पण यंदा नदीनाले उतरलेच नाई अन् दसरा होऊन गेला. अन्नपूर्णाबाई म्हणे आता राहू द्या तिथंच. पण हिंमतरावानं छातीवर हात मारला. बैलगाडीत हादरे बसतात, माही मोटर कशाले हाय? झोपून येईन पोरगी, पालखीतल्यासारखी.

मोटर होतीच तशी. उन्हाळ्यात सरकारी हर्राशीत घेतलेली, पांढरीफक, चारी बाजूनं बंद, मागं दार. हिंमतराव तिले घरच म्हणे. आत झोपाची फळी आधीपासूनच होती. त्यानं शेगडी ठेवली, पाण्याचा माठ बांधला. भिंतीले लहान लहान खण होते, त्यात लोणच्याच्या बरण्या माप घेतल्यासारख्या बसल्या. फिनेलचा वास तेवढा तीनदा धुऊनही गेला नव्हता. झाडाखाली मोटर लावाची, सैपाक कराचा, आतच झोपाचं, अन् गाव आलं का भोंगा. त्या भोंग्यावर त्याचा लय जीव. दोन कोस ऐकू जाते म्हणे.

पण चिखली मागं पडली अन् पुष्पाले कळा लागल्या. दिवस भरले नव्हते. हे गाव दिसलं, म्हणून थांबला.

आता तो उतरला अन् धावतच गावात शिरला. पहिल्या घरी चुलीवर तवा, तव्यावरची भाकर जळून काळी होऊन राह्यली होती. दुसऱ्या घरी पाळणा हलत होता. रिकामा. पारावर चिलीम पडलेली, तिच्यातून अजून धूर निघत होता. हे गाव उठून गेलेलं नव्हतं. हे आत्ता, ह्या घडीले, गायब झालं होतं. पटकी म्हणावं तं मढं तरी दिसलं असतं. वाघ म्हणावं तं ढोरं शांत उभी होती. त्याच्या मनात भलतंसलतं येऊ लागलं, अन् तेवढ्यात मागून पुष्पाची किंकाळी आली. एक सुईण पायजे होती. सुईण नाई तं एक बाई. कोणीबी.

तो वापस पळाला अन् जीव खाऊन भोंगा दाबून धरला. पांदीपलीकडं डोक्याएवढी ज्वारी उभी होती. तिच्यात काईतरी सळसळलं अन् दूर दूर जात राह्यलं. रानडुकरं असतीन, त्याले वाटलं.

भोंगा थांबला तं खोकला ऐकू आला. तो तिकडं धावला. रस्त्यालगतच्या शेवटच्या घरात कणगीमागं एक बुढी दडून बसली होती. पाय हा एवढा सुजलेला, म्हणून तिले पळता आलं नव्हतं. त्याले पाहून ती अजून मागं सरकली.

"मले ताप नाई बाप्पा. हात लावून पाह्य. मले नको नेऊ."

हिंमतरावाले काईच समजेना. त्यानं सरळ तिचे पाय धरले. रडत रडतच सांगतलं का पोरगी अडली हाय, सुईण कुठं हाय, गाव कुठं हाय. बुढी त्याच्या तोंडाकडं पाहत राह्यली. सुई टोचाले येणारा सरकारी माणूस कधी कोणाच्या पाया पडत नाई.

"गाव ज्वारीत हाय," ती म्हणे. "तू जितका भोंगा वाजवशीन, तितकं ते पुढं पळीन."

मंग तिनं सांगतलं. दोन सालाखाली पलेग आला तवा हेच झालं होतं. आधी हा भोंगा, मंग ही पांढरी मोटर, मंग सुई. ज्याले ताप निंघाला त्याले आतल्या फळीवर निजवून नेलं. अकरा माणसं नेली. तिचा लेक कडूबा, तोबी त्यातच. एकही वापस आला नाई.

हिंमतराव मोटरीच्या दिशेनं वळला. तो वास. ते खण. अन् ती फळी, जिच्यावर ह्या घडीले त्याची पुष्पा पडली होती.

"सुईण मीच हाय," बुढी म्हणे. रुखमाबाई तिचं नाव.

तिले चढ म्हणाले त्याचं तोंड उघडेना. पुन्हा किंकाळी आली, अन् रुखमाबाई भिंतीले धरून आपणच उठली. लंगडत मोटरीपर्यंत आली. पायरीपाशी थांबली. दारावर हात ठेवला.

"एवढं करा," ती म्हणे. "दार लावू नका."

अन्नपूर्णाबाईनं दाराले लुगडं बांधलं. हिंमतराव बाहेर उन्हात उभा राह्यला, ज्वारीकडं पाठ करून. किती वेळ गेला त्याले समजलं नाई. आतून फक्त रुखमाबाईचा आवाज येई, धीर दे माय, धीर दे. मंग तोही थांबला.

अन् लेकरू रडलं.

हिंमतरावाचा हात आनंदानं भोंग्याकडं गेला. तसाच मागं घेतला त्यानं. ज्वारी पुन्हा सळसळाले लागली, पण ह्या खेपी इकडं येत. एक मुंडासं निंघालं, मंग एक पदर, मंग कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. बांधावर येऊन सगळे जागीच थांबले.

लुगडं बाजूले झालं. मोटरीत चढलेलं त्या गावचं माणूस पहिल्यांदाच वापस उतरून राह्यलं होतं, अन् संगं एक नवं घेऊन.